संपर्क झाला नाही

बारकीने कागद त्याच्यापुढे सरकवला आणि पेन्सिलीचं टोक एका आकड्यावर टेकवलं. एकसष्ट हजार चारशे. अक्षर तिचं होतं, शून्यं पोटभर जेवल्यासारखी गोल. पण आकडा त्याने लगेच ओळखला. आपला हरवलेला सदरा रस्त्यात दुसऱ्याच्याच अंगावर दिसावा तसं त्याला झालं. "पदवीनंतर महिन्याला एवढे धरलेत," ती म्हणाली. "कॉलेजच्या माहितीपत्रकात हेच आहे. आणि तुलाही एवढेच मिळतात ना मामा, म्हणजे आकडा खरा आहे." तिने हे इतक्या सहज म्हटलं की त्याला तिचा रागच आला. बारकी म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, आणि तिला कॉम्प्युटरची पदवी घ्यायची होती, जिथे मामाने घेतली आणि आता तो नोकरीला होता त्याच कॉलेजात. टेबलाच्या एका बाजूला ताई बसली होती, तिच्याशेजारी दाजी, आणि दोघांच्या मधोमध निळ्या फाइलमध्ये या दोन खोल्यांचे कागद. उद्या सकाळी अकराला बँकेत सह्या होत्या. घर तारण, त्यावर कर्ज. दाजी लिफ्ट दुरुस्त करत. पंचवीस वर्षं लोकांना वर-खाली नेण्यात गेली आणि त्यातून या दोन खोल्या उभ्या राहिल्या, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. हा विनोद ते स्वतःच दर पाहुण्याला सांगत. आज त्यांनी तो सांगितला नव्हता. "तू एकदा बघून घे हा कागद," ते म्हणाले, "मग आम्ही मोकळे."

बघायचं काय होतं? तो आकडा त्यानेच बनवला होता. कॉलेजच्या ग्रंथालयामागे एक लांबट खोली होती, तिचा पंखा फिरण्यापेक्षा कण्हायचा जास्त. तिथे बसून तो सहा वर्षं फोन करत आला होता. गेल्या आठ वर्षांत कॉम्प्युटरची पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची यादी, सहाशे चाळीस नावं. प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी तीनदा फोन करायचा आणि विचारायचं, आपण सध्या किती कमावता. सांगेल त्याचा आकडा रकान्यात. तिन्ही वेळा जो उचलणार नाही त्याच्या नावापुढे 'संपर्क झाला नाही' असं लिहायचं आणि त्याला हिशेबातून वगळायचं. वगळायचं म्हणजे शून्य धरायचं नाही, तो त्या कॉलेजात कधी आलाच नव्हता असं धरायचं. गेल्या वर्षी एकशे बेचाळीस जणांनी उचलला. उचलणारे कसे खुशीत उचलत. कुणी गाडी बाजूला घेऊन बोले, कुणी "एक मिनिट हं, मीटिंगमधून बाहेर येतो" म्हणे, आणि आकडा सांगताना प्रत्येकाचा आवाज जरासा फुगे. त्या एकशे बेचाळिसांची सरासरी जाड टाइपात माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर जायची आणि तिच्या पायाशी मुंगीच्या अक्षरांत एक ओळ: प्रतिसाद दिलेल्यांवर आधारित. कार्यालयाच्या प्रमुखबाई म्हणत, "लोक आळशी हो, अनोळखी नंबर उचलायलासुद्धा जिवावर येतं." आळशी कसले! कर्जाचा हप्ता थकला की अनोळखी नंबर म्हणजे वसुलीवाला, हे त्याला न सांगता ठाऊक होतं. तो आधी गोड बोलतो, मग आवाज चढवतो, मग तुमच्या म्हाताऱ्या आईच्या नंबरावर करतो. शेवटी माणूस सगळेच अनोळखी नंबर वाजत ठेवतो. त्यात कॉलेजचाही नंबर येतो. ज्यांचं बुडालं नेमके तेच मोजायचे राहून जातात, एवढी साधी गोष्ट त्या इमारतीत दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नव्हती, किंवा आली असूनही सगळे गप्प होते. त्याच्या लक्षात यायचं कारण एवढंच की तोही उचलत नसे.

यादीत त्याचंही नाव होतं. पहिल्याच वर्षी त्या नावाशी येऊन तो अडला होता. खरा पगार टाकावा, तेव्हाचे सतरा हजार, तर सरासरी खाली येणार आणि बाई चष्मा वर सारून विचारणार, हा कोण दिवटा? म्हणून सगळी बेरीज-भागाकार उरकल्यावर त्याने स्वतःच्या नावापुढे आलेली सरासरीच लिहून टाकली. सरासरीत सरासरी टाकली की काहीच हलत नाही. कुणाचं नुकसान नाही, कुणाचा फायदा नाही. तो असून नसल्यासारखा. तेव्हा त्याला ती मोठी अक्कलहुशारीची गोष्ट वाटली होती, प्रामाणिकपणाचीसुद्धा. त्याच आठवड्यात ताईने शेजारणीसमोर विचारलं, "काय रे, सध्या किती देतात तुला?" आणि शेजारणीच्या डोळ्यांत डोळे घालून त्याने तोच आकडा सांगितला. शेजारीण "अगं बाई" म्हणाली. ताईच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते पाहून शब्द मागे घ्यायची त्याची छातीच झाली नाही. पुढे दर वर्षी माहितीपत्रक निघालं की घरी सांगितलेल्या पगाराला वाढ मिळायची, आणि दाजी त्याला कॉम्प्युटरसाहेब म्हणायचे. खऱ्या पगारात सहा वर्षांत दोनदा हजार-हजार वाढले. एकोणीस. त्यातले अकरा शिकण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या हप्त्याला जायचे, उरलेल्या आठात तिघा अनोळखी माणसांबरोबर एक खोली, खानावळ आणि हा फोन, ज्याचा कानाशी येणारा आवाज केव्हाच गेला होता. बोलायचं तर स्पीकरवर, नाहीतर नाही. "साहेब, फोन बदला की," दाजी म्हणत. "वेळच कुठे मिळतो," तो म्हणे. हेही त्यांना मोठेपणाचं वाटे. गेले तीन हप्ते त्याने भरले नव्हते.

"मामा, ऐकतोयस ना?" कागदावर मधोमध एक उभी रेघ होती. डावीकडे पदवी: चार वर्षांची फी, राहणं, पुस्तकं, व्याज धरून सोळा लाख, सात वर्षं हप्ता, महिन्याला एकोणीस हजार. त्या आकड्यावर त्याची नजर अडकली. एकोणीस हजार! त्याचा अख्खा पगार तिच्या कागदावर हप्त्याच्या रकान्यात जाऊन बसला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. त्याला हसू आलं. उजवीकडे लिफ्टची कंपनी: शिकाऊ म्हणून पहिली दोन वर्षं नऊ हजार, मग पंचवीस. दाजींच्या मुकादमाने स्वतःहून विचारलं होतं, कारण चौदा वर्षांची असताना दाजींच्या मागे मागे जाऊन बारकीने एका बंद पडलेल्या लिफ्टचा दोष शोधून दिला होता, तीन मोठी माणसं डोकं खाजवत असताना. त्या जागेसाठी उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. "पहिली चार वर्षं उजवी बाजू पुढे राहते," बारकी सांगत होती, "पण आठव्या वर्षाच्या अखेरीला डावी तिला गाठते आणि मग मागे वळून बघत नाही. हे सगळं या एका आकड्यावर आहे. हा पन्नासावर आला तर गाठायला अकरा-बारा वर्षं लागतात. तीसच्या खाली गेला तर त्या सात वर्षांत आपण खायचं काय, हेच मला समजत नाही." ती मान वर न करता बोलत होती, आणि खालच्या ओठावर पेन्सिल आपटायची तिची सवय ताईची होती.

त्याला तिचा हेवा वाटला, इतका की छातीत खरोखर दुखलं. त्याच्यासाठी कुणी उभी रेघ मारली नव्हती. त्याच्या वेळेला याच टेबलाशी, तेव्हा टेबलाचा एक पाय पुठ्ठ्याची घडी घालून टेकवलेला असे, दाजी जामीन म्हणून सही करायला बसले होते. माहितीपत्रकावर तेव्हा अठ्ठेचाळीस हजार होते. त्या लांबट खोलीत त्याच्याआधी बसणाऱ्या कुणीतरी बनवलेले. त्या माणसाचा कान तुटलेला कप अजून खणात होता. "आकडा बघितलास का?" दाजी हसत म्हणाले होते, "मी तर डोळे मिटून सही करतो," आणि खरंच डोळे मिटून त्यांनी सही केली, रेघ सोडून खाली. सगळे हसले. तोही हसला, एकोणीस वर्षांचा गाढव. तो डोळे मिटलेला चेहरा त्याला पुढे कितीदा आठवला आणि प्रत्येक वेळी त्याने मनात दाजींना शिव्या घातल्या, ज्यांनी त्याच्यावर भरवसा टाकण्यापलीकडे काही गुन्हा केला नव्हता. त्या भरवशाचाच राग होता. दाजींनी तेव्हा एक प्रश्न विचारायला हवा होता, फक्त एक. पण ते लिफ्टवाले, हा शिकणारा. शिकणाऱ्याला काय विचारायचं? आणि आता स्वतःच्या पोरीच्या वेळी मात्र कागद, पेन्सिल, रेघ, आठवं वर्ष, अकरावं वर्ष.

जाऊ दे तिला, असं त्याच्या मनात आलं. विचार आला तो चोरासारखा आला नाही, उंबऱ्यावर पाय आपटून आला. का वाचावी ती? काय मोठी लागून गेली? करू दे सह्या, चार वर्षं रात्रंदिवस घासू दे, मग तिच्याही टेबलावर फोन थरथरू दे आणि तिलाही तो पालथा घालायला शिकू दे. घरात निदान आणखी एक माणूस असेल ज्याला अनोळखी नंबर म्हणजे काय ते कळतं. तो या विचाराकडे न लाजता बघत राहिला. प्रेम होतं त्याचं तिच्यावर, लहानपणी तिला त्याने खांद्यावर बसवून चारचारदा जिना चढवला होता. दाजींनी आणलेल्या लिफ्टच्या जुन्या बटणांशी ती तासन्‌तास खेळायची आणि त्याला विचारायची, कुठला मजला पाहिजे? तो म्हणायचा, सगळ्यात वरचा. ते प्रेम आताही होतं, जागच्या जागी, आणि त्याच्याशेजारी मांडीला मांडी लावून हे दुसरं बसलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं: शेजारीण, सरासरी, थकलेले हप्ते, जामीन म्हणून उद्या-परवा दाजींनाच येणारा फोन. त्यापेक्षा दोन खोल्या गेलेल्या बऱ्या. हो, इतपत त्याचं मन गेलं होतं. "घे की," तो मोठ्याने म्हणाला. "एवढा विचार कसला करतेस? डोळे मिटून घे."

दाजींनी सुटकेचा श्वास सोडला. ताईने फाइलवर तळहात ठेवला, देवाला नमस्कार केल्यासारखा. बारकीने मात्र पेन्सिल खाली ठेवली नाही. तिने पिशवीतून माहितीपत्रक काढलं आणि आकड्याच्या खालची मुंग्यांची ओळ नखाने दाखवली. "हे 'प्रतिसाद दिलेल्यांवर आधारित' म्हणजे किती जण?"

"बरेच."

"बरेच म्हणजे?"

"एकशे बेचाळीस."

"कितीपैकी?"

"अगं, सारखं किती किती काय?" ताई म्हणाली. "मामा काय परका आहे का, फसवायला?"

"सहाशे चाळीस," तो म्हणाला. खोटं सांगता आलं असतं, पण आकड्यांत खोटं बोलायची त्याची हद्द ठरलेली होती, आणि ती त्याने एका आकड्यातच वापरून टाकली होती.

"मग बाकीचे पाचशे?" बारकीने तेवढ्यात वजाबाकी केली होती. "पाचशेला दोन कमी. त्यांचं काय झालं?"

"काय व्हायचंय? उचलत नाहीत. आळशी असतात लोक."

हे शब्द प्रमुखबाईंचे होते, तो हेलसुद्धा त्यांचाच होता. आणि ते तोंडातून पुरते बाहेर पडतात न पडतात तोच टेबलावर फोन थरथरला. त्याने तो बघितलाही नाही. हात आपोआप गेला आणि फोन पालथा झाला. टेबलाच्या लाकडावर तो पालथा फोन किड्यासारखा गुरगुरत फिरत राहिला. तेव्हा त्याने वर पाहिलं, तर बारकी त्याच्या हाताकडे बघत होती. फोनकडे नाही, हाताकडे.

"उचल की," दाजी म्हणाले.

"राहू द्या. जाहिरातवाले असतात."

"जाहिरातवाले एवढा पिच्छा पुरवत नाहीत," बारकी म्हणाली आणि तिने फोन सुलटा करून पडद्यावर बघितलं. "काल सकाळी याच नंबरचा आहे, आज दुपारी आहे. हा तिसरा." त्याने हात पुढे केला, पण ती चटपटीत, तिने हिरवं बटण दाबलंसुद्धा, आणि दोन खोल्यांचं ते घर एका मुलीच्या आवाजाने भरून गेलं. त्याने डोळे मिटले. आता नाव, मग थकलेली रक्कम, मग जामीनदाराचं नाव. त्याला बारकीच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"नमस्कार सर. आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी विभागातर्फे बोलतेय. आपली दोन मिनिटं घेऊ का? आपण दिलेली माहिती आमच्यापाशीच राहील, तेव्हा अगदी मोकळेपणाने सांगा."

ती वाक्यं त्याची होती. 'अगदी मोकळेपणाने' हे शब्द त्याने दोन दिवस विचार करून घातले होते. या वर्षी उचलणारे आणखी घटले म्हणून प्रमुखबाईंनी फोनचं काम बाहेरच्या माणसांना देऊन टाकलं होतं, नव्या नंबरावरून, आणि तिसरा फोन संध्याकाळी सहा ते आठमध्ये, कारण तेव्हा माणसं घरी असतात. वेळही त्यानेच सुचवली होती, आणि सहाशे चाळीस नावांची यादी त्यानेच पाठवली होती. दर वर्षी स्वतःचं नाव स्वतःच भरायची इतकी सवय झाली होती की या वेळी ते आधी काढायचं राहून गेलं. वसुलीवाले नव्हतेच ते. तो सुटला होता. आता फक्त एकसष्ट हजार चारशे म्हणायचं, धन्यवाद म्हणायचं, आणि उद्या अकराला सह्या.

"सर? आपण सध्या महिन्याला किती कमावता?"

सहा वर्षांत हा प्रश्न त्याने हजारो वेळा विचारला होता. त्याला कुणी विचारला नव्हता. ताईने विचारला होता तो शेजारणीसाठी, दाजींनी कधी विचारलाच नाही. हा आवाज मात्र त्यालाच विचारत होता, कंटाळलेला, रुक्ष, हरखून न जाणारा, त्याच्याकडून काहीएक अपेक्षा नसलेला. जे काही उत्तर येईल ते लिहून घेऊन ती पुढच्या नावाकडे जाणार होती. एवढी मोकळीक त्याला कुणी कधी दिली नव्हती. भाचीचा त्याला विसर पडला, घराचाही. तहानलेल्या माणसाने भांडं तोंडाला लावावं तशा घाईने त्याने ते सांगून टाकलं. "एकोणीस हजार."

"एक्केचाळीस?"

"एकोणीस. एकावर नऊ."

"बरं. काम आपल्या शिक्षणाशी संबंधित आहे का?"

"फोन करतो मी," तो म्हणाला. आता थांबता येत नव्हतं. "माजी विद्यार्थ्यांना. किती मिळतात म्हणून विचारतो. तुम्ही आत्ता वाचताय ना, ते मीच लिहिलंय."

पलीकडे तिच्या मागे त्या खोलीत दहा-बारा तोंडं 'नमस्कार सर' म्हणत होती, तेवढंच ऐकू येत होतं. मग त्या मुलीने तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं असावं, कारण आवाज एकदम खाली आला आणि त्यातला कंटाळा नाहीसा झाला. "सर, तिकडे एकोणीस देतात? आम्हाला इथे बारा आहेत. तुमच्याकडे एखादी जागा आहे का हो?"

"नाही," म्हणून त्याने फोन बंद केला.

बारकीची पेन्सिल कागदावर पोचली होती. एकोणीस हजार तिला लिहावे लागले नाहीत, ते तिथे होतेच, हप्त्याच्या रकान्यात; तिने नुसतं टोक त्यावर टेकवलं आणि मग त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तो भांडायला तयार होता. ओरडून सांगायला तयार होता की मला मेल्याला कुणी विचारलं होतं, की तुम्हीच फुगवलंत मला, की हे मी हिच्यासाठी सांगितलेलं नाही, हिचा माझा काही संबंध नाही. कुणी भांडलंच नाही. दाजींनी नखातलं वंगण दुसऱ्या नखाने काढायला घेतलं आणि मान खाली घालूनच विचारलं, "हप्ते?" त्याने तीन बोटं वर केली. दाजींनी मान हलवली, एखाद्या लिफ्टचा दोष सापडल्यावर हलवत तशी. मग ते बारकीला म्हणाले, "मुकादमाला मी सकाळी सांगतो." ती "हो" म्हणाली. तिने कागदाची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि ती टेबलाच्या पायाखाली सरकवली नाही की फाडली नाही, आपल्या खिशात ठेवली.

ताई उठली. तिने निळी फाइल दोन्ही हातांनी उचलली, पलीकडच्या खोलीत नेली, कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि कपाट लावून किल्ली फिरवली. एवढ्याशा घरात तो आवाज स्पष्ट ऐकू आला. त्याला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. वाटलं नाही. किल्ली फिरल्याचा तो बारीक आवाज ऐकल्यावर बाहेर येणाऱ्या बहिणीकडे त्याला बघवेना. त्याच्या वेळेलाही ते कपाट तिथेच होतं आणि किल्लीही त्यालाच लटकत होती, फक्त ती कुणी फिरवली नव्हती.